लाइट नव्हती

टेस्टरभाऊंचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवत नाही, असं लोक गमतीनं म्हणायचे. शर्टाच्या खिशाला पेन अडकवावं तसा त्यांनी टेस्टर अडकवलेला असायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो दिसतो. फोटोवाल्यानं काढून ठेवायला सांगितलं, तर नवरदेव म्हणाला होता, "राहू द्या हो, त्याच्याशिवाय मला कुणी ओळखणार नाही."

काम म्हणाल तर जोडायचं आणि तोडायचं. चौकातल्या विजेच्या वस्तूंच्या दुकानातून कुणी फ्रीज घेतला, वॉशिंग मशीन घेतलं, गीझर घेतला, की टेम्पोच्या मागोमाग भाऊ पिशवी घेऊन हजर. घर बदलायचं असलं की तेच मशीन सोडवून द्यायलाही तेच. बावीस वर्षं हेच चाललं होतं. घरोघरच्या बायकांना ते उभं करून धडा द्यायचे. "सोडवताना आधी बटण, मग प्लग, मग पाण्याचा नळ. जोडताना बरोबर उलटं. आणि प्लग काढायचा तर प्लगला धरा, वायरला नाही. कान धरून ओढलं तर पोरगंसुद्धा चावतं." बायका हसायच्या, पण धडा लक्षात ठेवायच्या. नीटनेटका माणूस. भिंतीत भोक पाडलं तर खाली कागद धरणारा, जाताना ओल्या फडक्यानं बोर्ड पुसून जाणारा.

एक गोष्ट मात्र ते करायचे, ती कुणाला सांगत नसत.

थ्री-पिन सॉकेटला तीन भोकं असतात. एकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. परत नेणाऱ्या तारेला न्यूट्रल म्हणतात. तिसरं भोक मोठं असतं, आणि जन्मभर त्याला काही काम नसतं. पण एखाद्या दिवशी मशीनच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या तिसऱ्या भोकातून मुकाट्यानं जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. हे अर्थिंग. जुन्या इमारतींमध्ये ते तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. मागं तारच नसते. अशा ठिकाणी नवं मशीन लावलं की पत्र्याला हात लावताच झिणझिण होते. मग गिऱ्हाईक दुकानात फोन करतं, आणि दुकानदार भाऊंवर भडकतो, "काय बसवून आलात? माणसं मशीन परत करायला निघालीत!"

खरा उपाय म्हणजे खाली जमिनीत खड्डा घेऊन वरपर्यंत तार आणायची. त्याला सगळ्या इमारतीनं हो म्हणावं लागतं, आणि सगळी इमारत कधी कशालाच हो म्हणत नाही. भाऊंना ज्या उस्तादानं हे काम शिकवलं, त्यानं त्यावर एक युक्तीही शिकवली होती. सॉकेट उघडायचं, बोटभर तारेचा तुकडा घ्यायचा आणि न्यूट्रलच्या स्क्रूपासून तिसऱ्या भोकाच्या स्क्रूपर्यंत जोडून टाकायचा. झिणझिण एका मिनिटात गायब.

"यात धोका नाही?" तेव्हा विशीत असलेल्या भाऊंनी विचारलं होतं.

"मागं कुठं न्यूट्रल तुटली तर आहे," उस्ताद म्हणाला. "मग सगळी वीज पत्र्यावर येईल. पण न्यूट्रल कशाला तुटतेय?"

म्हणजे भाऊंना माहीत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं लोक म्हणाले की बिचाऱ्याला कळलं नसेल, साधा वायरमन तो. तसं नव्हतं. कळत होतं, आणि फार अडलं तरच ते करत होते. बावीस वर्षांत फार अडलं असं तीस-एकतीस वेळा झालं.

त्यातलं एक घर चष्मेवाल्यांचं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागं कपडे धुवायला अरुंद मोरी. नवराबायको दोघंच. तो भिंगं घासायचा, ती दुपारनंतर दुकानात बसून फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायची. त्यामुळे भाऊंचं काम तिला कळायचं. मशीन बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं भाऊंना जिन्यातच गाठलं.

"भाऊ, नवी सून आणली खरी, पण हात लावला की चिमटा काढतेय."

"थांबा वहिनी, सूनबाईला समज देतो," भाऊ म्हणाले.

त्यांनी सॉकेट उघडलं. पिशवीत लाल तारेचा तुकडा होता, तो जोडला, झाकण बसवलं, बोर्ड पुसला. वहिनींनी भीत भीत एक बोट पत्र्याला लावलं, मग अख्खा तळवा ठेवला आणि जोरात हसल्या. "आली की वळणावर! काय केलंत?"

"आमचं गुपित," भाऊ म्हणाले आणि चहा पिऊन निघाले.

त्यानंतर दोन वर्षं त्या घरातून एकही तक्रार आली नाही.

मग एका दुपारी दीडच्या सुमाराला भाऊंचा फोन वाजला. चष्मेवाल्यांच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांना धड बोलता येत नव्हतं. "भाऊ, तुम्ही या. वहिनींना मशीनचा शॉक बसला. दवाखान्यात नेलंय. घरात हात लावायला सगळे घाबरतात. ते मशीन तोडून द्या."

भाऊ पोहोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. जिन्यात माणसं उभी होती आणि आत जायला कुणी तयार नव्हतं. काकूंनी दारातूनच सांगितलं ते असं : चष्मेवाले जेवायला घरी आले होते. वहिनी मोरीत कपडे काढायला गेल्या. धप्प आवाज आला. ते धावले, तर बायको मशीनला चिकटलेली. त्यांनी मशीनची वायर धरून सगळ्या जोरानं ओढली. प्लग सॉकेटमध्येच राहिला आणि तारा त्यातून उपटून हातात आल्या. कुणीतरी खाली जाऊन त्यांच्या घराचा मेन स्विच पाडला.

मोरीत पाणी होतं. मशीनचं झाकण उघडं होतं. एक उशीचा अभ्रा अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबत होता.

तेवढ्यात जिन्यातून निरोप आला, की वहिनी गेल्या. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता माणसं येतील, निदान घरात दिवा-पंखा तरी पाहिजे. "भाऊ, एवढं करा."

भाऊंनी खाली जाऊन मेन स्विच वर केला आणि परत वर आले. दिवा लागला नाही. पंखाही फिरला नाही. समोरच्या घरात मात्र रेडिओ वाजत होता, म्हणजे इमारतीत वीज होती. त्यांनी सवयीनं खिशातला टेस्टर काढला आणि मोरीतल्या सॉकेटमधला अडकलेला प्लग उपसून तो टेस्टर पहिल्या भोकात घातला. पेटला. दुसऱ्या भोकात घातला. तिथं पेटायला नको होता, पण पेटला.

कुठल्याही वायरमनला याचा अर्थ कळतो. न्यूट्रल तुटली आहे. वीज येतेय, पण परत जायची वाट बंद आहे. ती पंख्यातून, दिव्यातून दुसऱ्या तारेत येऊन तुंबून राहते. घर अंधारात असतं आणि तारा जिवंत असतात.

तिसऱ्या भोकात टेस्टर घालायची त्यांना गरज नव्हती. तरी त्यांनी घातला. लखलखीत पेटला.

त्या वेळी भाऊंना ती दुपार अथपासून इतिपर्यंत दिसली. मशीन चालता चालता थांबलं असणार. दिवा गेला असणार. वहिनींना वाटलं असणार, लाइट गेली, आता हात घालायला काय हरकत? उलट एरवीपेक्षा निर्धास्तपणे त्यांनी हात घातला असणार. ओल्या फरशीवर, अनवाणी.

भाऊ खाली मेन स्विचपाशी गेले. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार जळून काळी पडली होती आणि सुटून बाजूला झाली होती. त्यांनी तार खरवडली, नीट बसवली, स्क्रू कसला. वर दिवे लागले, पंखा फिरला. जिन्यातलं कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, भाऊ होते."

मग ते वर आले, मोरीचं दार लोटून घेतलं आणि मेन पुन्हा बंद करायला न जाताच, जन्मात पहिल्यांदा, चालू विजेवर सॉकेट उघडलं. लाल तुकडा तसाच होता, दोन्ही टोकांना त्यांच्या हाताचा अडीच पिळाचा वेढा. त्यांनी तो पक्कडीनं काढला, खिशात टाकला, झाकण बसवलं. बाहेर येऊन म्हणाले, "मशीन तोडलंय. आता काही भीती नाही."

घरी जाताना नाल्यावरच्या पुलावर त्यांनी तो तुकडा खाली टाकला. पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतका तो लहान होता.

दुसऱ्या दिवशी वीज निरीक्षक येऊन तपासून गेल्या. त्या बाईंनी मशीन तपासलं. मशीनमध्ये दोष नव्हता. किंचित झिणझिण असते, तेवढ्यानं माणूस मरत नाही. सॉकेटला अर्थिंग नव्हतं, पण घरात वीज ठीक होती, तारा जागच्या जागी होत्या. मग पत्र्यावर एवढी वीज आली कुठून? एकच जागा उरली, तो प्लग. आणि तो प्लग दोनच दिवसांपूर्वी चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातानं बदलला होता, कारण जुन्याला तडा गेला होता. त्यात तारा कशा लावल्या होत्या ते आता कळायला मार्ग नव्हता. त्या त्यांनीच उपटल्या होत्या.

वहिनींचा भाऊ लांबून आला होता. पाचव्या दिवशी चौकीत जाऊन त्यानं तक्रार दिली. बहिणीचं आणि दाजींचं महिनाभर वाजत होतं, ती माझ्याकडे राहायला येणार होती, आणि नेमका त्याच आठवड्यात यांनी प्लग बदलला. चुकून तार चुकीची लावली की जाणूनबुजून, ते तुम्ही शोधा.

चष्मेवाल्यांना चौकीत बसवून घेतलं. दुकानाला कुलूप लागलं.

मशीन तोडायला पहिला माणूस कोण आला, म्हणून भाऊंनाही जबाबासाठी बोलावलं. ते गेले तेव्हा चष्मेवाले बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, डोळ्यांवर चष्मा नाही. भाऊंना पाहून ते उठून उभे राहिले.

"हे बघा, हेच आले होते," ते फौजदाराला म्हणाले. "यांना विचारा. भाऊ, सांगा ना यांना, लाइट नव्हती. मी जेवत होतो आणि पंखा बंद पडला. ती म्हणाली, लाइट गेली वाटतं, कपडे काढून घेते. मी किती दिवस सांगतोय, कुणी ऐकतच नाही."

फौजदारानं कागदातून मान वर केली नाही. "सगळ्या इमारतीत लाइट होती, साहेब. समोरच्यांचा रेडिओ चालू होता. खालच्या मजल्यावर गिरणी चालू होती. तुमच्याच घरातली कशी जाईल? आणि गेली होती म्हणता, तर शॉक कशाचा बसला?" मग त्यानं भाऊंकडे पाहिलं. "तुम्ही गेलात तेव्हा लाइट होती की नव्हती?"

"मेन स्विच पाडलेला होता," भाऊ म्हणाले. "मी वर केला."

"मग आली लाइट?"

भाऊ म्हणाले, "आली."

"त्याआधीची गोष्ट विचारा ना त्यांना!" चष्मेवाले जवळ आले. "भाऊ, तुम्ही या कामातले आहात. असं होऊ शकतं ना? सांगा."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "मी नंतर आलो."

जबाबावर सही करून ते बाहेर पडले. याचंच पुढं त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटायचं, की त्या दिवशी ते सरळ चालत दुकानात गेले आणि दोन फ्रीज जोडून आले.

पण तिसऱ्या घरी गीझर लावायचा होता, तिथं सॉकेट उघडलं, तिसरं भोक रिकामं दिसलं, आणि ते तसेच पाच-दहा मिनिटं स्टुलावर उभे राहिले. घरातल्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" ते खाली उतरले. "तुमच्याकडे हे लावता येणार नाही," एवढंच म्हणाले. दुकानदार त्या दिवशी जाम भडकला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी एक उद्योग सुरू केला. जुन्या घरांत जायचं, कंपनीकडून मोफत तपासणी आहे म्हणायचं, सॉकेट उघडायचं आणि आपणच लावलेला तुकडा काढून आणायचा. पहिल्या दिवशी सहा घरं झाली. संध्याकाळपर्यंत सहातल्या चौघांचे फोन आले. मशीन पुन्हा झिणझिण करतंय. आधी काही नव्हतं, तुम्ही येऊन बिघडवून गेलात.

"अर्थिंग करून घ्या," भाऊ सांगायचे. "तोवर मशीन वापरू नका. वापरलंत तर पायात चपला घाला, कोरड्या फळीवर उभे राहा. आणि लाइट गेली की आधी प्लग काढा. लाइट गेली तरी."

"लाइट गेल्यावर प्लग काढून काय करायचं?" लोक हसायचे.

एका घरी एक निवृत्त काका होते, पूर्वी गिरणीत इंजिनवर असलेले. भाऊंनी सॉकेटमधून लाल तुकडा काढला, तसा त्यांनी हात पुढं केला. "बघू." त्यांनी तो चष्म्यासमोर धरून उलटसुलट पाहिला. मग भाऊंकडे पाहिलं.

"हा वाईट, म्हणून काढताय ना?"

"हो."

"मग लावला कुणी होता?"

भाऊंनी तुकड्यासाठी हात पुढं केला. काकांनी तुकडा त्यांच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं. "या आता तुम्ही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही.

त्या दिवशी भाऊ उन्हातच घरी परतले. बायको खिडकीशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. चादरींच्या कडा मारायचं काम होतं. भाऊंनी तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. उस्तादापासून पुलापर्यंत. तिनं मशीन थांबवलं नाही. कड मारत राहिली. ते बोलायचे थांबले तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला.

"मला का सांगताय?" ती म्हणाली.

"तुला नाही तर कुणाला सांगू?"

"जो आत बसलाय त्याला सांगा. मला सांगून तुमचं ओझं हलकं होईल, त्याचं काय होणारेय?" तिनं चादरीची घडी घातली. एक बाजू जुळेना, म्हणून पुन्हा उलगडून घातली. "अहो, मी त्यांच्याकडूनच चष्मा करून घेतलाय. त्या बाईंनी माझ्या कानामागं बोट घालून बघितलं होतं, काडी टोचतेय का. उठा. आज जा. उद्या तुम्ही जाणार नाही, मला माहितीय."

वीज निरीक्षकांचं कार्यालय संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. भाऊ पावणेपाचला पोहोचले. निरीक्षकबाई फायलींच्या ढिगामागं बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर कायमची आठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"तो तुकडा कुठाय?"

"नाल्यात टाकला."

"वा. म्हणजे पुरावा नाही. चष्मेवाल्यांचे तुम्ही कोण? नातेवाईक? मित्र?"

"कुणी नाही बाई."

"मग मी कशावरून समजू, की एका माणसाला सोडवायला तुम्ही ही गोष्ट रचली नाहीत?"

खोटं भाऊंनी किती सहज खपवलं होतं, आणि खऱ्याला आता पुरावा हवा होता. त्यांनी पिशवीतून आठ-दहा लाल तुकडे काढून टेबलावर ठेवले. "हे बाकीच्या घरांतले. अजून काढायचेत. तुम्ही कुठल्याही घरी चला, मी आधी सांगतो आत काय आहे, मग तुम्ही उघडा."

बाईंनी एक तुकडा उचलून त्याच्या टोकाचे पीळ पाहिले. बराच वेळ पाहिले.

"त्या घराच्या मेनला न्यूट्रलचा स्क्रू नवीन कसलेला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तार खरवडलेली होती. मी पाहिलं होतं. वाटलं, असेल कधीतरी केलेलं. विचारायला हवं होतं मी."

दोन दिवसांनी सगळे त्या तिसऱ्या मजल्यावर जमले. निरीक्षकबाई, फौजदार, वहिनींचा भाऊ, आणि दोन शिपायांमध्ये चष्मेवाले. बाईंनी सॉकेट उघडून भिंग लावून पाहिलं. न्यूट्रलच्या आणि तिसऱ्या, अशा दोन्ही स्क्रूंच्या पितळेवर तार दाबली गेल्याची चकचकीत खूण होती. दोन वर्षांची. मग त्यांनी मशीनला नवा प्लग स्वतः लावला, तारा सगळ्यांना दाखवून. भाऊंना म्हणाल्या, "होता तसा जोडा."

भाऊंनी लाल तुकडा जोडला. त्यांची बोटं अडीच पीळ आपसूक घालून मोकळी झाली.

पंखा आणि दिवा चालू ठेवून बाईंनी खालून न्यूट्रल सोडवायला लावली. पंखा मंदावत थांबला. दिवा गेला. समोरच्या घरात भांड्यांचा आवाज आणि रेडिओ चालूच होता. मोरीच्या अंधारात बाईंनी मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. लाल ठिपका पेटला.

चष्मेवाले त्या ठिपक्याकडे पाहत होते.

"लाइट नव्हती," ते म्हणाले. ओरडून नाही. ती गोष्ट स्वतःलाच पुन्हा पटवल्यासारखं.

वहिनींचा भाऊ बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. चष्मेवाले त्याच्याजवळ गेले नाहीत. पुढंही कधी गेले नाहीत, असं म्हणतात.

खाली उतरताना जिन्याच्या वळणावर ते आणि भाऊ समोरासमोर आले. भाऊंनी हात जोडले. बोलायला तोंड उघडलं, पण चष्मेवाल्यांनी थांबवलं.

"तार तुम्ही लावलीत ती दहा जणांनी लावली असेल," ते म्हणाले. "त्याचं मी एखाद्या दिवशी मन घट्ट करून काहीतरी करीन. पण चौकीत तुम्ही माझ्याकडे बघितलंत, भाऊ. माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, मला काय माहीत. अकरा दिवस मी तिथं बसून विचार करत होतो, की खरंच लाइट गेली होती का. तिचे शेवटचे शब्द मीच माझ्या मनानं रचले की काय, असं वाटायला लागलं होतं मला."

भाऊंचे जोडलेले हात तसेच राहिले. चष्मेवाले पायऱ्या उतरून गेले.

खटला चालला. निष्काळजीपणा आणि पुरावा नाहीसा करणं, असे दोन आरोप होते. भाऊंनी दोन्ही कबूल केले. स्वतः पुढं आले म्हणून शिक्षा कमी झाली. एक वर्ष आठ महिने. परवाना कायमचा रद्द झाला. दुकानदारानं कोर्टात सांगितलं, की हा माणूस काय करायचा याची आम्हाला कल्पना नव्हती. भाऊंनी तेही मान्य केलं. ते खरं नव्हतं, पण आता कुणाकडे बोट दाखवायची त्यांची हिंमत उरली नव्हती.

बायको दर पंधरवड्याला भेटायला यायची. जाळीपलीकडून घरचं सांगायची. कुणाचं काम मिळालं, कुणी शिवण परत नेलं. शेजारपाजारचे बोलायचे बंद झाले होते, ते तिनं सांगितलं नाही, पण भाऊंना कळलं. एकदा त्यांनी विचारलं, "तुला वाटतं का, मी तेव्हा बोललो नसतो तर बरं झालं असतं?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा कधी तो विषय काढायला धजले नाहीत.

निरीक्षकबाई मात्र एकदा तुरुंगात येऊन गेल्या. त्यांना घरांची यादी हवी होती. भाऊंनी कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. डोळे मिटून ते एकेक रस्ता, एकेक जिना आठवत गेले. कुणाच्या दारात सायकल होती, कुठं मोरी उजव्या हाताला होती, कुठं गिऱ्हाईक बहिरं होतं. सत्तावीस घरं निघाली. बाईंच्या माणसांनी ती सगळी तपासली, तुकडे काढले, आणि तीन इमारतींना अर्थिंग करायला भाग पाडलं. पण भाऊंची खात्री होती, की आकडा एकतीस होता. चार घरं काही केल्या आठवेनात.

सुटून आल्यावर त्यांना एका गोदामात खोकी बांधायचं काम मिळालं. विजेच्या कुठल्याही कामाला ते हात लावत नाहीत. स्वतःच्या घरचा दिवा गेला तरी बायको बदलते. सुट्टीच्या दिवशी सकाळीच घराबाहेर पडतात आणि जुन्या इमारतींमधून फिरतात. मागच्या गॅलऱ्यांतून मशीनची पाण्याची नळी लोंबताना दिसली, की जिना चढून दार वाजवतात.

"तुमचं मशीन बारा-पंधरा वर्षांपूर्वी मी बसवलं होतं का?"

माणसं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळतात. काहींना वर्तमानपत्रातला फोटो आठवतो, ते दार लावून घेतात. काही म्हणतात, आम्ही इथं नवीन. एका बाईंनी आत घेतलं, सॉकेट उघडू दिलं, आणि खरोखरच आत लाल तुकडा निघाला. भाऊंनी हात लावला नाही. बाईंना खुर्चीवर बसवून निरीक्षकांच्या कार्यालयात फोन करायला लावला आणि माणूस येईपर्यंत मशीनपाशी उभे राहिले.

तीन राहिली. त्या घरांमधून कधी कुणाचा फोन यायचा नाही, हे त्यांना माहीत आहे. तिथं मशीन छान चालत असणार, झिणझिण नसणार, आणि ते बसवणाऱ्या माणसाबद्दल कुणाची काही तक्रार नसणार.